खापर कोणाच्या माथी?

पहिल्याच सकाळी आमच्या हातून चूक झाली. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी एका उंचवट्यावरून आम्ही चालत होतो. ऊन अजून तापायचे होते. पायापाशी तांबूस रंगाचे, बोटभर लांबीचे एक खापर दिसले. त्यावर काळ्या रंगाच्या तीन तिरप्या रेघा होत्या. आम्ही ते उचलले, अंगठ्याने माती पुसली आणि कौतुकाने मार्गदर्शकांसमोर धरले. त्यांनी ते हातात घेतलेही नाही. एवढेच विचारले, "कुठे पडले होते?"

आम्ही मागे वळून हात केला. मागे दोन एकर जमीन पसरली होती. "त्या तिकडे," याखेरीज आम्हाला काही सांगता येईना.

"मग आता ते नुसते खापर राहिले," ते म्हणाले. "मघाशी तो पुरावा होता."

आमचा पेशा रसायनशास्त्राचा. नमुना कोठून घेतला, कधी घेतला, कोणी घेतला हे बाटलीवर लिहिल्याशिवाय तो तपासायला घ्यायचा नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना वीस वर्षे बजावत आलो आहोत. तोच नियम शेतात उतरताच विसरलो. पुरातत्त्वाच्या उन्हाळी प्रशिक्षण शिबिरात आम्हाला मिळालेला हा पहिला धडा. आमच्या गटात बहुतेक शाळांतले शिक्षक आणि महाविद्यालयाचे काही विद्यार्थी होते. सगळे कुदळी-फावड्यांची वाट पाहत आलेले. पण पूर्ण शिबिरात कोणाच्याही हाती कुदळ आली नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि शिकाऊ माणसांनी उकरण्याजोगी ही गोष्टही नव्हे. आम्ही फक्त चाललो, मोजले, लिहिले आणि पूर्वी झालेल्या उत्खननांचे अहवाल वाचले. एवढ्यानेही बरेच काही उलटेपालटे झाले.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव उठून गेले तरी त्याची पांढर मागे राहते. शेतकऱ्याला ती लांबून ओळखू येते, कारण आजूबाजूच्या काळ्या रानात तिचा रंग फिकट राखी दिसतो आणि ती जराशी उंच असते. पुरातत्त्वज्ञांना महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राचीन वसाहती या एका शब्दाने मिळवून दिल्या आहेत. गावात जायचे आणि विचारायचे, "तुमच्या शिवारात पांढरीचे टेकाड आहे का?"

ही माती पांढरी का होते? शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली की चुलींची राख, मातीच्या भिंतींची पडझड, शेण, चुना, हाडे आणि उष्टेखरकटे यांचे थरांवर थर साचतात. राख व हाडे यांमुळे कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण वाढते. फॉस्फेट मातीला घट्ट चिकटून राहते, पावसाने सहजी वाहून जात नाही. म्हणून जमिनीतले फॉस्फेट मोजून, डोळ्यांना काहीच दिसत नसले तरी, येथे वस्ती होती की नाही याचा अंदाज बांधता येतो.

आम्ही आमच्यासोबत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल नेले होते. पांढरीच्या मातीवर थेंब टाकताच ती फसफसली. विद्यार्थ्यांना आनंद झाला. मग एकाने शेजारच्या काळ्या जमिनीतला खडा उचलून त्यावर थेंब टाकला. तोही फसफसला! दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे नैसर्गिकरीत्याच असतात. तेव्हा फसफसणे हा वस्तीचा पुरावा नव्हे, चुन्याचा पुरावा झाला. वर्गात हा प्रयोग करणाऱ्यांनी दोन्ही माती शेजारी शेजारी ठेवून तो करावा. एकच नमुना पाहून निष्कर्ष काढला की फसगत होते, हे त्यातून आपोआप कळते.

एका टेकाडाच्या कडेला शेळ्या राखत बसलेल्या आजी आमचा उद्योग पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी गाड्या भरभरून नेली ही माती. कांद्याला लई चांगली." आजींचे म्हणणे रसायनशास्त्राला धरूनच होते, फॉस्फेट व राख पिकाला मानवणारच. परंतु महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडे याच रीतीने, गाडी-गाडीने, रानात पसरली गेली आहेत. पूर्वी बैलगाडी होती, आता ट्रॅक्टर आणि जेसीबी आहे. ज्या गुणामुळे पांढरी ओळखू येते, त्याच गुणामुळे ती नाहीशी होते.

नदीची जुनी वही

घोड ही भीमेची उपनदी. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या कुकडीच्या काठावर, पांढरीच्याही कितीतरी आधीचा, जुना गाळ उघडा पडलेला दिसतो. खाली गोट्यांचा थर, त्यावर वाळू, त्यावर पिवळसर गाळ. या थरांमध्ये अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे आणि प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली आहेत.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी हे गाव आहे. तेथील गाळात १९८० च्या दशकात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आणि त्याच परिसरात हातकुऱ्हाडींसारखी हत्यारे मिळाली. राखेचे वय ठरले की हत्यारांचेही ठरेल, म्हणून पुष्कळ आशा निर्माण झाली. पहिल्या मोजणीत ते सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे आले. आणखी काही संशोधकांच्या मते ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची होय. थर तोच, पण उत्तरांत जवळजवळ वीसपटींचा फरक!

हे ऐकून आमच्या गटातील एक शिक्षिका वैतागल्या. "मग मुलांना सांगायचे काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्या वेळी आम्हाला तो फक्त बोरीपुरता वाटला. इनामगावला पोहोचल्यावर तोच प्रश्न आमच्या अंगावर आला.

बारा हंगामांचे गाव

इनामगाव शिरूर तालुक्यातच, घोडच्या उजव्या तीरावर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे त्याचे धुरीण. त्यांचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर आपल्याकडे प्राचीन वसाहतींत बहुधा एखादा खोल चर खणून थरांचा क्रम ठरवत. इनामगावला मात्र आडवे उत्खनन झाले. मोठे क्षेत्र उघडे करून घरे, गल्ल्या, अंगणे, भट्ट्या यांच्यासह अख्खे गाव वाचण्याचा तो प्रयत्न होता. बारा हंगाम त्यासाठी लागले. कितीतरी विद्यार्थी याच खड्ड्यांमध्ये बसून हे शास्त्र शिकले. त्या अर्थाने इनामगाव ही महाराष्ट्रातली पुरातत्त्वाची सर्वांत मोठी मैदानी शाळाच म्हणायची. १९७२ चा दुष्काळही याच वर्षांत पडला, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी ध्यानात ठेवावी.

जे गाव उजेडात आले ते ताम्रपाषाणयुगातील होते. म्हणजे तांबे माहीत होते पण दुर्मीळ. रोजची कामे दगडी पात्यांवर चालत. गावाचे आयुष्य साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षांचे. त्याचे तीन कालखंड केले आहेत. पहिला माळवा संस्कृतीचा, दुसरा पूर्व जोर्वे आणि तिसरा उत्तर जोर्वे. जोर्वे हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, संगमनेरजवळ प्रवरेकाठचे गाव. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्यावरून या संस्कृतीला नाव मिळाले. तिची भांडी चाकावर घडवलेली, तांबड्या लेपाची, काळ्या रेघांची आणि इतकी चांगली भाजलेली की टिचकी मारल्यास खणखणतात. आम्ही उचललेले खापर त्यांपैकीच.

एकंदर शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पहिल्या दोन कालखंडांत घरे आयताकृती, मातीच्या भिंतींची, गवती छपराची, काही अनेक खोल्यांची होती आणि ती बरीचशी ओळीने बांधलेली होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती. जव हे मुख्य धान्य. त्याशिवाय गहू, डाळी, तीळ, बोरे, जांभळे, आवळे यांच्या जळालेल्या बिया मिळाल्या. हाडे गाईबैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा यांची, तशीच चितळ, सांबर, काळवीट, ससा, कासव आणि मासे यांचीही. पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट आणि त्याला लागून दगडमातीचा लांब बांध सापडला. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या टापूत तीन हजार वर्षांपूर्वी एका गावाने मिळून पाणी अडवले होते, असा उत्खननकर्त्यांनी त्याचा अर्थ लावला.

एवढे काम करायचे तर कोणीतरी सांगणारा असला पाहिजे. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार. या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या अवस्थेत एका पुरुषाला पुरलेले आढळले. इतर प्रौढांना जमिनीत उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मेलेल्याने परत येऊ नये म्हणून हे करत असावेत, असा तर्क आहे. रांजणातल्या या माणसाची पावले मात्र शाबूत होती. हा गावाचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांनी सुचवले. पाठ्यपुस्तकांतूनही हा रांजण मुलांना भेटतो. वर्गात त्यावर उत्तम चर्चा होऊ शकते : मोठे घर, कोठार, वेगळे दफन या तीन गोष्टींवरून 'प्रमुख' हे अनुमान कितपत पक्के? दुसरे काय असू शकेल?

कोळशाचे घड्याळ

इसवी सनपूर्व १६०० हा आकडा आला कोठून? चुलीतल्या कोळशातून. जिवंत झाड हवेतून कार्बन घेते. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अगदी अल्प अंश असतो. झाड तोडले की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात अशी प्रयोगशाळा चालू झाली. पुढे ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली.

गणित फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. ३,६०० वर्षांच्या कोळशात मूळ कार्बन-१४ पैकी सुमारे ६५ टक्के उरलेला असतो, २,७०० वर्षांच्या कोळशात सुमारे ७२ टक्के. म्हणजे इनामगावच्या नऊशे वर्षांचा सगळा इतिहास अवघ्या सात टक्क्यांत बसतो. मोजणीत एक टक्क्याची चूक झाली तर वय सुमारे ऐंशी वर्षांनी हलते, म्हणजे तीन पिढ्यांनी. शिवाय हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण प्रत्येक शतकात सारखे नव्हते. त्यासाठी झाडांच्या वर्षवलयांवरून आलेल्या वयाला दुरुस्ती करावी लागते.

म्हणजे अमुक एका वर्षी दुष्काळ पडला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी लोक निघून गेले, असे हे घड्याळ कधीच सांगू शकणार नाही. त्याचा काटा तेवढा बारीक नाही.

घरातली मुले

इनामगावात अडीचशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य मुलांची, आणि त्यांतही पुष्कळ तान्ह्यांची. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची, त्यांत मूल ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली खड्डा करून पुरायचे, अशी रीत होती. वर पुन्हा सारवण. त्यावरून घरची माणसे रोज वावरत असणार.

अहवालातील त्या नकाशांवर मडक्यांची चिन्हे दिसतात. एका घराच्या आराखड्यावर ती मोजता मोजता आमच्या गटातले बोलणे थांबले होते.

या मुलांनी जाता जाता आपल्यासाठी नोंद ठेवली आहे. दातावरचे लुकण एकदाच तयार होते, हाडासारखे ते पुन्हा बदलत नाही. मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले तर त्या वेळी बनत असलेल्या लुकणात खोट राहते. दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच घडू लागतात, म्हणून त्यांवरून आईच्या हालअपेष्टांचाही अंदाज येतो. इनामगावच्या मुलांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील बालकांच्या हाडांची वाढ तपासली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. दातांच्या वाढीवरून मुलाचे वय काढायचे आणि त्या वयाला हाडे किती वाढायला हवी होती, किती वाढली, हे पाहायचे, असा त्या तपासणीचा गाभा. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली त्यांना आढळली.

गाव का उठले?

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास इनामगावचे रूप पालटते. मोठी आयताकृती घरे जातात, लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. गहू कमी होतो. रानटी प्राण्यांची हाडे वाढतात. अखेर इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास गाव ओस पडते. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण हवामानात शोधले : पाऊस घटला, शेती साधेना, लोक शिकारीकडे आणि गुरांमागे भटकण्याकडे वळले. मांडणी सुसंगत होती आणि शिरूर-दौंडचा दुष्काळ पाहिलेल्या कोणालाही ती चटकन पटेल अशी होती.

आम्हालाही ती पटली होती. शिक्षकांपुढे हवामानावर व्याख्याने देताना आम्ही कित्येक वर्षे इनामगावचा दाखला देत आलो. "पाऊस गेला आणि गाव मेले," हे आमचे ठेवणीतले वाक्य होते. शिबिरात एका रात्री, ढणढणत्या पंख्याखाली बसून, नव्या अभ्यासांचे वाचन झाले तेव्हा त्या वाक्याचे काय करायचे हे आम्हाला कळेना.

रॉबिन्स शुग यांनी या मांडणीलाच हरकत घेतली आहे. त्यांच्या मते हा प्रदेश त्याआधीपासूनच कोरडा होता. नेमके इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास हवामान एकाएकी बिघडले असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात लोकवस्ती वाढत गेली, जमिनीवरचा भार वाढला, आणि शेतीची घडी विसकटली ती या साऱ्याच्या ओझ्याने. म्हणजे पाऊस हे एकमेव कारण उरत नाही. माणसांनी पावसाशी कसा व्यवहार केला हाही त्यात भाग होतो.

दोघांपैकी कोणाचे खरे? मुलांची वाढ खुंटली, यावरून अन्न कमी पडले किंवा आजार वाढले एवढे कळते. ते का, हे हाड सांगत नाही. रानटी प्राण्यांची हाडे वाढली, यावरून शिकार वाढली एवढे कळते. ती उपासमारीने की आवडीने, हे पुन्हा वेगळे. दातांवरून आणि हाडांवरून निघणारे निष्कर्षही सगळ्या बाबतींत जुळत नाहीत. गाळ, परागकण, बिया, हाडे आणि कोळसा यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, आणि प्रत्येक साक्षीच्या घड्याळात पाऊणशे-शंभर वर्षांची ढील असते.

मराठीत आपण 'खापर फोडणे' म्हणतो. इनामगावचे खापर आम्ही बिनदिक्कत पावसाच्या माथी फोडत आलो होतो, आणि त्याचे एक कारण लाजिरवाणे आहे : ते सोयीचे होते. पाऊस दोषी ठरला की माणूस सुटतो.

ओढ्यापलीकडची वस्ती

शेवटचे दोन दिवस आम्ही दौंड तालुक्यात होतो. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमाजवळ वाळकी येथेही जोर्वे काळातले ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजने तेथेही उत्खनन केले. ते इनामगावच्या मानाने अगदी लहान. शेतावरची वस्ती म्हणतो ना, तशी. मोठे गाव एकीकडे आणि शेतीसाठी केलेली चार घरांची वस्ती दुसरीकडे, ही रचना आजच्या शिरूर-दौंडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तो स्वतः तीत राहतो.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस होता. धरणांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर या अवर्षणाच्या पट्ट्यात तो पिकतो. घोडवर चिंचणीला धरण आहे, कुकडीवर धरणांची मालिका आहे, दौंडकडे खडकवासल्याचा कालवा येतो. आणि त्याच तालुक्यांतल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या पाटाची आणि आजच्या कालव्याची बरोबरी करणे चूक ठरेल. प्रमाण, तंत्र, बाजार सगळेच निराळे आहे. इतिहास असा सरळ लागू होत नसतो. पण प्रश्न मात्र त्याच जातीचा आहे : थोडा आणि बेभरवशाचा पाऊस असलेल्या मुलखात किती माणसांनी, कोणत्या पिकावर, कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर जगायचे? याचे उत्तर कोळशात सापडणार नाही. ते आपल्यालाच द्यायचे आहे.

आणि इनामगावचा वाद मिटवायचा असेल तर आणखी पुरावा लागेल, तो अजून न उकरलेल्या टेकाडांमध्येच असणार. नेमकी हीच टेकाडे सपाट होत आहेत. थर एकदा रानात पसरला की कोणतेही यंत्र त्याला पुन्हा थर बनवू शकत नाही.

शाळेत काय करता येईल?

तुमच्या गावाला पांढर असेल तर मुलांना घेऊन जरूर जा, पण काही उचलू नका आणि उकरू तर मुळीच नका. ओळीने, दोन-दोन हातांच्या अंतरावर उभे राहून सावकाश चाला. जेथे खापर दिसेल तेथे काडी रोवा. मग सगळ्या काड्या एकदम पाहा. त्या कोठे दाट आहेत, कोठे विरळ? कागदावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनातली खापरे मोजून लिहा, ओढा, विहीर आणि नांगराची दिशाही दाखवा. छायाचित्र काढताना शेजारी पट्टी ठेवा. हा नकाशा शाळेत जपून ठेवला आणि दर वर्षी पुन्हा केला, तर दहा वर्षांत टेकाड किती झिजले याची नोंद तयार होईल. ती कोणत्याही पुरातत्त्वज्ञाला मोलाची वाटेल. काही विशेष आढळल्यास जागेवरच ठेवून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातील विभागाला कळवावे.

थरांची कल्पना यायला उकिरडा पुरेसा आहे. आठवडाभराचा वर्गातला कोरडा कचरा एका काचेच्या बरणीत रोज थोडा थोडा टाका. शनिवारी दुसऱ्या वर्गाला ती बरणी द्या आणि सोमवारी काय घडले ते ओळखायला सांगा. मग अर्धी बरणी ढवळा आणि पुन्हा विचारा.

आमचे ते खापर मार्गदर्शकांनी शेवटी ठेवून घेतले. एका कागदी पिशवीत घालून त्यांनी आम्हालाच तिच्यावर लिहायला लावले. गावाचे नाव लिहिले, तारीख लिहिली, आमचे नाव लिहिले. 'जागा' या शब्दापुढे मात्र लिहिण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. "तसे लिहा," ते म्हणाले. आम्ही लिहिले, 'नोंद नाही.'

व्याख्यानातल्या इनामगावच्या पानावरही आता आम्ही तसेच करतो. पूर्वी तेथे एक वाक्य होते. आता दोन मते आहेत, प्रत्येकाखाली त्याचा पुरावा आहे, आणि शेवटी एक ओळ मोकळी सोडलेली आहे.